पेशींचा सांधा आणि तपकिरी रेघ

शाळेत शास्त्राच्या तासाला दोन प्रयोग बहुधा ठरलेले असतात. गुरुजी कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवतात, त्यावर आयोडीनचा थेंब सोडतात आणि एकेका मुलाला सूक्ष्मदर्शकातून पाहायला बोलावतात. विटा रचाव्यात तशा पेशी एकीला एक लागून बसलेल्या दिसतात. दुसरा प्रयोग आपल्याच गालाचा. स्वच्छ काडीने गालाची आतली बाजू हलकेच खरवडली, की पेशी निघतात. पण त्या सुट्या, विखुरलेल्या. अशा वेळी एखादा चौकस मुलगा विचारतो, "गुरुजी, कांद्याच्या पेशी एकमेकींना धरून आहेत, आणि आपल्या अशा सुटतात. मग आपण सबंध माणूस म्हणून उभे कसे राहतो?"

प्रश्न पोराचा खरा, पण त्याचे नीट उत्तर द्यायला शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षे लागली. कांद्याचे सोपे आहे. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती टणक भिंत असते आणि शेजारच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. प्राण्यांच्या पेशींना अशी भिंत नाही. गालाच्या सगळ्यांत वरच्या पेशी तर जुन्या होऊन गळून जाणाऱ्याच असतात, म्हणून त्या काडीबरोबर येतात. पण त्यांच्या खालच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. माणसाच्या देहात अशा पेशी किती, तर अंदाजे 30 ते 37 लाख कोटी. एवढा मोठा संसार भिंतीवाचून एकत्र राहतो, तो कशाच्या जोरावर? आणि हा जोर सुटला तर काय होते? आज ही हकिगत सांगायची आहे. तिच्या दोन वाटा आहेत. एक वाट त्या धरून ठेवणाऱ्या द्रव्याच्या शोधाची. दुसरी, ते द्रव्य डोळ्यांना दिसावे म्हणून त्याला रंग चढवण्याच्या युक्तीची. दोन्ही वाटा पुढे दवाखान्याच्या दारात एकत्र आल्या.

पहिली वाट समुद्रकाठी सुरू होते. 1900 साली कुर्ट हेर्ब्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने एक निरीक्षण प्रसिद्ध केले. समुद्रात सी-अर्चिन नावाचा काटेरी गोळ्यासारखा एक प्राणी असतो. त्याचे कोवळे गर्भ हेर्ब्स्ट यांनी अशा पाण्यात ठेवले, की ज्यात समुद्राच्या पाण्यातले बाकीचे क्षार आहेत, पण कॅल्शियम तेवढे नाही. कॅल्शियम म्हणजे आपल्या चुन्यातले मूळ द्रव्य. थोड्याच वेळात गर्भाच्या पेशी सुट्या सुट्या झाल्या, आणि कॅल्शियम असलेल्या पाण्यात परत घातल्यावर त्या पुन्हा एकमेकींना धरू लागल्या. भिंतीच्या विटा धरून ठेवायला चुना लागतो, हे गवंड्याला ठाऊक होते. पेशी धरून ठेवायलाही चुन्यातलेच द्रव्य लागते, ही मात्र नवलाची गोष्ट होती.

पुढे 1907 साली अमेरिकेत एच. व्ही. विल्सन यांनी स्पंज या समुद्री प्राण्याचा तुकडा घेतला आणि पीठ चाळायच्या बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. आपल्याकडे औषधाचे चूर्ण वस्त्रगाळ करतात ना, अगदी तसा. खाली पाण्यात स्पंजाच्या पेशींचा नुसता गढूळ साका पडला. वाटावे, संपला हा जीव. पण तासातासाने त्या पेशी सरकत सरकत जवळ आल्या, त्यांचे पुंजके झाले, आणि काही दिवसांनी त्यांतून पुन्हा लहान लहान स्पंज उभे राहिले. पुढच्या संशोधकांनी दोन निराळ्या जातींच्या स्पंजांच्या पेशी एकत्र कालवून पाहिल्या, तेव्हा त्या आपापल्या जातवाल्यांना शोधून वेगवेगळ्या गोळा झाल्या. म्हणजे पेशी नुसत्या चिकटत नाहीत. कोणाला धरायचे आणि कोणाला नाही, याची त्यांना ओळख असते. ही ओळख पटवणारे द्रव्य कोणते, ते मात्र पुढची साठ-सत्तर वर्षे हाती लागले नाही.

ते हाती लागले, त्यात एका फसलेल्या प्रयोगाचा वाटा आहे. जपानमधल्या क्योतो विद्यापीठात मासातोशी ताकेइची नावाचे तरुण संशोधक होते. पेशी सुट्या करण्यासाठी ते ट्रिप्सिन वापरत. आपल्या आतड्यात अन्नातली प्रथिने पचवणारे जे पाचक द्रव्य असते, ते हे ट्रिप्सिन. सुट्या झालेल्या पेशी पाण्यात हळूहळू हलवल्या, की त्या पुन्हा पुंजके करीत. 1974 च्या सुमारास ताकेइची अमेरिकेत बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत गेले आणि तोच प्रयोग त्यांनी तिथे केला. पण पेशी काही केल्या जुळेनात! हात तोच, पेशी तशाच, रीतही तीच. मग बिघडले कुठे?

दुसरा एखादा "इथले पाणी मानवत नाही" म्हणून गप्प बसला असता. ताकेइचींनी बाटलीतले द्रावणच तपासायला घेतले. बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत ट्रिप्सिनबरोबर ईडीटीए नावाचे एक रसायन घालण्याचा प्रघात होता, आणि हे रसायन कॅल्शियम पकडून ठेवते. त्यावरून उलगडा झाला तो असा : पेशींच्या पृष्ठभागावर धरून ठेवणारे एक प्रथिन आहे. कॅल्शियम जवळ असेल, तर ते प्रथिन ताठ आणि आवळलेले राहते, ट्रिप्सिनला त्याचा घास घेता येत नाही. कॅल्शियम काढून घेतले की ते ढिले पडते, आणि ट्रिप्सिन त्याचे तुकडे करते. मग पेशींना धरायला हातच उरत नाहीत. 1977 साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. हेर्ब्स्ट यांच्या कोड्याचे उत्तर अखेर एका बाटलीच्या तळाशी सापडले.

याच काळात पॅरिसमध्ये फ्रांस्वा झाकोब यांच्या प्रयोगशाळेत निराळ्या दिशेने तेच द्रव्य शोधले जात होते. उंदराचा गर्भ आठ पेशींचा होतो, तेव्हा त्या आठही पेशी एकमेकींना बिलगतात आणि गुळगुळीत गोळा तयार होतो. रोल्फ केमलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये दाखवले, की विशिष्ट प्रतिद्रव्ये पाण्यात घातली तर हे बिलगणे थांबते. आठ पेशी द्राक्षाच्या घडासारख्या वेगवेगळ्या दिसतात. म्हणून तिथल्या मंडळींनी त्या प्रथिनाला द्राक्षावरून 'उव्होमोरुलिन' असे नाव दिले. ताकेइचींच्या चमूने 1984 मध्ये आपल्या प्रथिनाचे नाव ठेवले 'कॅडहेरिन', म्हणजे कॅल्शियमच्या साहाय्याने धरून ठेवणारे. पुढे कळले, की दोन्ही नावे एकाच द्रव्याची आहेत. टिकले ते कॅडहेरिन. या घराण्यात पुष्कळ भावंडे निघाली. त्वचा, आतडे, ग्रंथी यांच्या अस्तरातल्या पेशींना जोडणारे ते ई-कॅडहेरिन; मेंदू आणि हृदय यांतले एन-कॅडहेरिन. 1987 साली ताकेइचींच्या चमूने आणखी एक पुरावा दिला. ज्या पेशी एकमेकींना धरत नाहीत अशा पेशींत त्यांनी ई-कॅडहेरिनचे जनुक घातले, आणि त्या पेशी हातात हात घालून बसल्या. शंकेला जागा उरली नाही.

आता दुसरी वाट. वर मी प्रतिद्रव्य हा शब्द वापरला. तो जरा उलगडून सांगतो.

साप चावलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते कशाचे असते? घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे टोचतात. घोड्याचे शरीर त्या विषावर उतारा तयार करते. तो उतारा घोड्याच्या रक्तात उतरतो, आणि तोच काढून, शुद्ध करून माणसाला देतात. हा उतारा म्हणजे प्रतिद्रव्य. कुलपाला किल्ली बसावी तसे ते नेमक्या आपल्याच द्रव्याला जाऊन बसते. 1890 साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वातावर आणि घटसर्पावर अशा उताऱ्याचा गुण दाखवला, तेव्हापासून ही विद्या वाढत गेली.

अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट कून्स यांच्या मनात निराळा विचार आला. 1939 च्या उन्हाळ्यात ते बर्लिनला गेले होते. संधिवाताच्या तापात हृदयात ज्या गाठी दिसतात, त्यांत रोगजंतूंचा अंश आहे की नाही, हे पाहायचे कसे, याचा ते विचार करीत होते. प्रतिद्रव्य जर नेमके आपल्या द्रव्याला जाऊन बसते, तर त्या प्रतिद्रव्यालाच रंगाचे शेपूट का लावू नये? म्हणजे ते जिथे जाऊन बसेल ती जागा आपल्याला दिसेल. रानात गेलेली गाय कुठे आहे, हे तिच्या गळ्यातल्या घंटेवरून कळते, तशी ही युक्ती. 1941 साली कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या जंतूंवर ती करून दाखवली. त्यांचा पहिला रंग निळा चमके. पण शरीराच्या पेशीसुद्धा त्या प्रकाशात थोड्या निळ्या चमकतात, म्हणून पुढे त्यांनी हिरवे चमकणारे फ्लुओरेसीन घेतले. मग महायुद्ध आले आणि काम खोळंबले. 1950 नंतर ही रीत जगभर पसरली.

पण चमकणाऱ्या रंगाला खास दिवा, अंधारी खोली आणि महागडा सूक्ष्मदर्शक लागे; शिवाय काही वेळाने चमक विझे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल आणि टिकेल असा रंग हवा होता. तो मिळाला एका तिखट मुळापासून. मोहरीच्या कुळात हॉर्सरॅडिश नावाचे एक युरोपीय मूळ आहे. आपल्या शेवग्याच्या मुळाला तसाच झणका असतो, म्हणून इंग्रजीत शेवग्याला हॉर्सरॅडिशचे झाड असेही म्हणतात. त्या युरोपीय मुळात पेरॉक्सिडेज नावाचे एक विकर आहे. 1966 साली अमेरिकेत पॉल नाकाने आणि बॅरी पियर्स यांनी, आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये स्त्रातिस आव्रामेआस यांनी, हे विकर प्रतिद्रव्याला जोडले. वरून योग्य रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातले, की प्रतिद्रव्य बसलेल्या जागी तपकिरी रंग साचतो. काताच्या डागासारखा हा रंग वर्षानुवर्षे जात नाही.

दोन अडचणी अजून उरल्या होत्या. पहिली प्रतिद्रव्याची. सशापासून किंवा घोड्यापासून घेतलेल्या उताऱ्यात नाना प्रकारची प्रतिद्रव्ये मिसळलेली असतात. एका जनावराचा उतारा दुसऱ्यासारखा नसतो. 1975 साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझर मिलस्टाइन यांनी उंदराची प्रतिद्रव्य करणारी पेशी आणि न थांबता वाढणारी कर्करोगाची पेशी यांचा जोड लावला. ही जोडपेशी एकच एक प्रकारचे प्रतिद्रव्य हवे तितके तयार करते. एका बियाणाचे शुद्ध पीक यावे, तसे. 1984 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हीच रीत वापरून जपानी संशोधकांनी माणसाच्या ई-कॅडहेरिनसाठी प्रतिद्रव्य तयार केले, आणि 1989 साली माणसाच्या निरोगी अवयवांत आणि कर्करोगांत ते प्रथिन कुठे कुठे आहे, याचे चित्र प्रसिद्ध केले.

दुसरी अडचण फॉर्मालिनची. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा सडू नये म्हणून तो फॉर्मालिनमध्ये ठेवतात आणि मग मेणात बसवतात. जगभरच्या दवाखान्यांच्या कपाटांत असे मेणाचे लाखो ठोकळे जपून ठेवलेले असतात. पण फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांशी असे जखडून टाकते, की किल्ली शिरायला कुलपाचे भोकच उघडे राहत नाही. त्यामुळे पुष्कळ तपासण्यांना ताजा, गोठवलेला तुकडाच लागे. डॉ. शान-रोंग शी या चिनी वंशाच्या संशोधकाने ग्रंथालयात बसून 1940 च्या दशकातले जुने निबंध वाचले. त्यांत लिहिले होते, की फॉर्मालिनची ही जखड कडक उष्णतेने सुटू शकते. मग 1991 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचपट्टीवरचा काप पाण्यात ठेवून मायक्रोवेव्हच्या भट्टीत चक्क उकळला. काप उकळायचा म्हणजे त्याची माती करणे, अशी सर्वांची समजूत. पण कुलपे उघडली! आज कित्येक प्रयोगशाळांत या कामाला प्रेशर कुकर वापरतात. डाळ शिजवायचे भांडे रोगनिदानाच्या कामी आले, ही गोष्ट घरच्या मंडळींना जरूर सांगा.

आता दोन्ही वाटा जिथे मिळाल्या, तिथे येऊ. स्त्रीच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला आला आहे, असे समजा. मेणातल्या त्या तुकड्याचा मिलिमीटरच्या तीन-चार हजाराव्या भागाइतका पातळ काप काढतात. मेण विरघळवून तो उकळतात. मग त्यावर ई-कॅडहेरिनचे प्रतिद्रव्य घालतात. त्यावर विकर जोडलेले दुसरे प्रतिद्रव्य. मग तपकिरी रंग येण्याचे रसायन. शेवटी पेशींची केंद्रके दिसावीत म्हणून निळसर रंग देतात. तो हेमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळतो.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते? निरोगी अस्तराच्या पेशींत तपकिरी रंग पेशीच्या पोटात पसरत नाही. तो काठावर, दोन पेशींच्या सांध्यावर, रेघेसारखा उमटतो. प्रत्येक पेशीभोवती एक रेघ, आणि सगळ्या रेघा मिळून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. त्वचेत अशी जाळी आहे, आतड्याच्या अस्तरात आहे, स्तनातल्या दूधनलिकांत आहे, यकृतातही आहे. पण त्याच कापातल्या चरबीत, तंतूंत, रक्तातल्या पांढऱ्या पेशींत रेघ नाही. तिथे नुसती निळी केंद्रके. अवयवाचा हा नकाशा पाहिला, की गुरुजींच्या वर्गातल्या त्या मुलाला उत्तर मिळते : बाळ, आपण उभे आहोत ते या रेघेवर.

ही रेघ पुसली गेली तर काय होते? 1941 साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील फूट आणि स्ट्युअर्ट या रोगनिदानतज्ज्ञांनी स्तनातल्या एका विकाराला 'लोब्युलर' असे नाव दिले. या प्रकारच्या कर्करोगाच्या पेशी गोळा करून राहत नाहीत. मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागे एक सुट्या चालतात. त्यामुळे पुष्कळदा हाताला टणक गाठ लागत नाही, क्ष-किरणांच्या चित्रातही रोग लपून राहतो. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे 10 ते 15 टक्के या प्रकारचे असतात. पेशी अशा सुट्या का चालतात, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नव्हते. 1990 नंतर ई-कॅडहेरिनचे रंग देऊन पाहिल्यावर उलगडा झाला. नेहमीच्या नलिकांच्या कर्करोगात बहुधा तपकिरी जाळी शिल्लक असते. लोब्युलर प्रकारात बहुतेक वेळा ती नाहीशी झालेली असते. 1995 मध्ये बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी दाखवले, की या रोगात ई-कॅडहेरिनचे जनुकच मोडलेले असते. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलेल्या रांगेचे कारण एका तुटलेल्या सांध्यात सापडले.

याचा रुग्णाला उपयोग काय, असे आपण विचाराल. स्तनात कधी कधी अशा पेशी आढळतात, की ज्या अजून नलिकेबाहेर पडलेल्या नाहीत. त्या नलिकेच्या प्रकारच्या असतील, तर तो भाग सामान्यतः काढून टाकावा लागतो. लोब्युलर प्रकारच्या नेहमीच्या रूपातल्या असतील, तर पुष्कळदा पुढच्या धोक्याची सूचना समजून बाईवर नियमित लक्ष ठेवले जाते. साध्या रंगात दोन्ही सारखे दिसून तज्ज्ञही कधी कधी अडतात. अशा वेळी ही तपकिरी रेघ आहे की नाही, यावर शस्त्रक्रिया करायची की थांबायचे, हा निर्णय पुष्कळसा अवलंबून राहतो.

पण म्हणूनच सावधपणाही हवा. रेघ दिसली नाही, म्हणजे प्रथिन नाहीच, असे लगेच म्हणता येत नाही. तुकडा वेळेवर फॉर्मालिनमध्ये पडला नसेल, काप नीट उकळला गेला नसेल, प्रतिद्रव्य जुने झाले असेल, तरीही रेघ येणार नाही. म्हणून जाणता तज्ज्ञ आधी त्याच कापातली निरोगी नलिका शोधतो. तिथे रेघ उमटली आहे ना? मग रंगाचे काम ठीक झाले आहे. तिथेच रेघ नसेल, तर तपासणी पुन्हा. उलटही होते : लोब्युलर कर्करोगांपैकी काहींत रेघ शिल्लक राहते, पण तिचा सांधा आतून निकामी झालेला असतो. साक्षीदार एकच असला, तर त्याची उलटतपासणी करावीच लागते.

या शोधाचा सर्वांत हृदयाला भिडणारा अध्याय न्यूझीलंडमधला आहे. तिथे एका मोठ्या माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या जठराच्या कर्करोगाने माणसे जात होती. त्यांत ऐन उमेदीतले तरुणही होते. 1964 साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंदही झाली होती. काही जण याला शाप म्हणत. शेवटी कुटुंबातल्या माणसांनीच पुढाकार घेतला आणि ओटागो विद्यापीठातील पॅरी गिलफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर काम सुरू केले. वंशावळ मांडली, रक्ताचे नमुने दिले. 1998 साली उत्तर प्रसिद्ध झाले : या घराण्यात ई-कॅडहेरिनचे जनुक सदोष आहे, आणि तो दोष आईबापांकडून मुलांकडे येतो. ज्याच्याकडे तो आहे, त्याच्या प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. अशा घराण्यांतल्या स्त्रियांना लोब्युलर स्तनकर्करोगाचाही धोका असतो, हे पुढे कळले.

शाप नव्हता, एक सांधा मोडलेला होता. पण कारण कळले म्हणून दुःख संपले असे नाही. हा कर्करोगही सुट्या पेशींचाच. जठराच्या अस्तराखाली तो विखरून राहतो आणि नळी घालून पाहिले तरी नजरेतून सुटू शकतो. मग ज्यांच्यात दोष सापडला, त्या धडधाकट माणसांपुढे प्रश्न आला : आज काही होत नाही, तरी सगळे जठर काढून टाकायचे का? 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात अशा घराण्यांतील 5 जणांची हकिगत आहे. त्यांनी जठर काढून घेतले, आणि पाचही जणांच्या जठरांत कर्करोगाच्या सुरुवातीचे सूक्ष्म ठिपके सापडले. ज्यांच्यात दोष नव्हता, त्यांच्या मनावरचे पिढीजात ओझे मात्र एका तपासणीने उतरले. शास्त्राने माणसाला निवड दिली. ती निवड सोपी मात्र केली नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्या मुंबईशी नाते सांगणारी. 2003 साली स्वीडनमध्ये मथियास उलेन यांच्या नेतृत्वाखाली माणसाच्या सर्व प्रथिनांचा नकाशा करण्याचे काम सुरू झाले. निरोगी अवयवांचे 44 प्रकार आणि कर्करोगाचे 20 प्रकार घेऊन, एकेका प्रथिनासाठी प्रतिद्रव्याने तपकिरी रंग द्यायचा, त्याची छायाचित्रे घ्यायची आणि ती सर्वांना मोफत पाहायला ठेवायची. छायाचित्रे निघाली लाखोंनी. पण ती पाहून 'इथे रंग आहे, इथे नाही, काठावर आहे की पोटात' हे लिहिणार कोण? हे काम यंत्रावर सोडता येत नव्हते, त्याला शिकलेली नजर हवी होती. त्यातला मोठा वाटा मुंबईत बसलेल्या रोगनिदानतज्ज्ञांच्या एका गटाने उचलला. जगातला कोणीही विद्यार्थी तो नकाशा उघडतो, तेव्हा त्यातल्या कित्येक नोंदींमागे मुंबईतल्या कोणाची तरी दुखणारी मान आणि सांभाळलेली नजर असते.

श्रोतेहो, ही हकिगत ऐकून आपण काय घ्यावे? शिक्षकांनी घ्यावे ते हे, की कांद्याचा पापुद्रा आणि गालाची पेशी दाखवताना मुलाने विचारलेला प्रश्न "अभ्यासक्रमात नाही" म्हणून टाळू नये. हेर्ब्स्ट, विल्सन, ताकेइची यांनी हाच प्रश्न विचारला होता. आणि प्रयोग फसला तर विद्यार्थ्याला दटावण्याऐवजी बाटलीत काय होते, ते त्याच्याबरोबर पाहावे.

गावच्या मंडळींनी घ्यावे ते अधिक व्यवहाराचे आहे. घरात कोणाची गाठ काढली, तर तिचा तुकडा फॉर्मालिनमध्ये, बाटलीत, नावाची चिठ्ठी लावून प्रयोगशाळेत गेला ना, हे आवर्जून विचारा. कोरड्या पिशवीत दोन दिवस पडून राहिलेला तुकडा पुढे कितीही उकळला, कितीही रंगवला, तरी खरी साक्ष देईलच असे नाही. तपासणीचा कागद जपून ठेवा, आणि मेणाचा ठोकळा कुठे आहे तेही माहीत असू द्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांना तो लागतो. आणि बायाबापड्यांनो, स्तनात गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी झाली, किंवा नुसता एखादा भाग निराळा, जाडसर लागला, तरी लाजून घरी बसू नका. रोग नेहमीच गाठ होऊन दारात येत नाही, हे आपण आज ऐकले आहे.

दोन पेशींमधली ती रेघ मिलिमीटरचा हजारावा भागही जाड नसते. तिच्यावर देह उभा असतो, आणि कधी कधी एका घराचे पुढचे सारे आयुष्यही.